पाहिजे : एक नेतृत्वाधीन सभासद

संस्था टिकतात त्या माणसांमुळे नव्हे, पदांमुळे. माणूस आजारी पडतो, रुसतो, परगावी जातो, आणि सगळं छान जमून येत असताना मरतोही. पदाचं तसं नसतं. ते रिकामं असलं तरी जागच्या जागी असतं आणि त्याला ताप येत नाही. हे सत्य इतरांना उशिरा कळलं. आमच्या अँग्लिकन धर्मप्रांताला ते वेळेवर कळलं, आणि धर्मप्रांतातल्या आमच्या छोट्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, तर सगळ्यांत आधी. मी या मंडळीचा सचिव (प्रापंचिक) असल्यामुळे हे अभिमानाने सांगतो. अभिमान बाळगणं माझ्या कर्तव्यसूचीत कलम सातमध्ये आहे.

पूर्वी आमच्याकडे फारच अंदाधुंदी होती. एक पाळकसाहेब, दोन वॉर्डन आणि बाकी सगळे नुसते लोक. उपासनेच्या वेळी पाऊस आत आला, तर ज्याच्या अंगावर पडेल तो उठून खिडकी लावायचा. कुणी आजारी पडलं, की ज्याला कळेल तो जाऊन बसायचा. सुताराच्या आईचा पाय मोडला तेव्हा एकाच संध्याकाळी सहा जण तिच्या उशाशी जमले होते, आणि सहाही जणांनी सूपच आणलं होतं. समन्वयाचा अभाव म्हणतात तो हाच. मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायला दर शनिवारी आमचे घड्याळजी त्र्याहत्तर पायऱ्या चढायचे. एकतीस वर्षं चढले. कोणत्या अधिकारात चढता, असं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मग बिशपसाहेबांचं परिपत्रक आलं : ‘प्रत्येक सभासद, एक नेता.’ पाठोपाठ बिशपसाहेबांचे उजवे हात, आर्चडीकनसाहेब, आले आणि त्यांनी फळ्यावर वर्तुळं काढून दाखवली. नेतृत्व दोन प्रकारचं असतं. दीक्षित, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर बिशपसाहेबांनी हात ठेवला आहे त्यांचं. आणि प्रापंचिक, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर बाकी सगळं आहे त्यांचं. देवाची इच्छा काय आहे हे दीक्षितांनी ठरवायचं, ती जमण्यासारखी आहे का हे प्रापंचिकांनी पाहायचं, आणि एखादी बाब नेमकी कुणाकडे जाते असा पेच पडला तर संयुक्त समिती. वर्तुळं जिथं एकमेकांवर चढत होती, तो भाग आर्चडीकनसाहेबांनी पिवळ्या खडूने रंगवला आणि म्हणाले, इथं आत्मा काम करतो. आम्ही तो भाग वहीत उतरवून घेतला.

आमची सभासदसंख्या पंचेचाळीस. त्या एका दुपारी त्रेचाळीस जण पदाधिकारी झाले. थोडी वानगी देतो. उजव्या दाराचे आतिथ्यप्रमुख. डाव्या दाराचे आतिथ्यप्रमुख (हे दार नऊ वर्षं उघडलेलं नाही, त्यामुळे या पदाबद्दल आजवर एकही तक्रार नाही). खिडक्यांचे दोन प्रभारी, एक उघडण्यासाठी आणि एक लावण्यासाठी. शांतता-संयोजक, म्हणजे बेकरीवाले, ज्यांचा आवाज मोठा आहे. आजाऱ्यांची काळजी पाहणारे प्रमुख, म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक. तान्ह्यांची प्रतिनिधी म्हणून बेकरीवाल्यांची नात, वय अकरा महिने. पहिल्याच सभेत ती रडली, तेव्हा ‘एका सभासदाची तीव्र असहमती’ अशी नोंद मी स्वतः केली. पाळकसाहेबांकडे सात पदं आली. त्यातली सहा अशी आहेत की त्यांसाठी त्यांना बाहेरगावी राहावं लागतं.

घोडं अडलं ते नियम बारापाशी. नियम बारा असा : ‘नेतृत्वाला अर्थ राहावा यासाठी प्रत्येक मंडळीत किमान एक नेतृत्वाधीन सभासद असणं बंधनकारक आहे. अशी व्यक्ती सलग नव्वद दिवस नसल्यास सर्व पदं रद्द समजावीत.’ आता नेता व्हायचं नाही असं सभेत कुणाला सांगणार? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की घड्याळजींची बायको, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, सभेला आलेलीच नाही. घड्याळजींना त्याच सकाळी पक्षाघाताचा झटका आला होता, म्हणून ती आली नव्हती. तिची निवड एकमताने झाली. घड्याळजींच्या नावापुढे ‘अनुपस्थित (कारण : अंथरूण)’ असं लिहून आम्ही आशीर्वादाची प्रार्थना केली आणि घरी गेलो.

योजनेचे परिणाम पहिल्याच रविवारी दिसले. सगळे पदाधिकारी बिल्ले लावून पुढच्या खुर्च्यांवर, आणि समोर रिकाम्या बाकांच्या रांगांत, तिसऱ्या बाकावर डावीकडे, मावशी एकटी. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली बाई, मान खाली घालून बसायची सवय होती, त्यामुळे शोभून दिसली. दारापासून बाकापर्यंत तिचं स्वागत अकरा जणांनी केलं. उपदेश तिला उद्देशून झाला. तिच्यासाठी विनंतीपूर्वक शांतता राखली गेली. आकडेवारीच द्यायची तर, दरडोई नेतृत्वाच्या बाबतीत मावशी त्या दिवशी अख्ख्या धर्मप्रांतात पहिली आली.

उपासना संपल्यावर तिने उजव्या दाराच्या आतिथ्यप्रमुखांना एवढंच विचारलं, की ह्यांना आता चर्चला येता येत नाही, तर पाळकसाहेब एकदा घरी येऊन प्रभुभोजन देतील का. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट, ही मागणी ऐकायला लहान वाटते. अननुभवी माणूस इथं फसतो.

आतिथ्यप्रमुखांनी तिला आजाऱ्यांच्या प्रमुखांकडे पाठवलं. त्यांनी बाब तपासली. आजाऱ्याला घरी जाऊन भेटणं हे प्रापंचिक काम. भाकर आणि द्राक्षारस हे दीक्षित काम. म्हणजे एकाच ताटात दोन वर्तुळं आली, आणि प्रकरण पिवळ्या भागात गेलं. संयुक्त समितीची बैठक पाळकसाहेबांशिवाय होत नाही, आणि पाळकसाहेब सात आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले होते. प्रशिक्षणाचा विषय होता ‘लोकांमध्ये उपस्थित राहण्याचं महत्त्व’. दरम्यान मनोऱ्यावरचं घड्याळ दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलं. त्यासाठी काल-साक्ष उपसमिती नेमली आहे आणि तिचं काम समाधानकारक आहे. चावी घड्याळजींच्या उशाखाली होती, पण ती मागायला जाणं ही गृहभेट ठरली असती.

चौथ्या रविवारी मावशीने मला रस्त्यात गाठलं. आम्ही एकाच गल्लीत राहतो. योजनेनंतर मला ‘सचिवसाहेब’ म्हणायचं ठरलेलं आहे, पण तिच्या तोंडी जुनंच बसलंय.

“दादा,” ती म्हणाली, “दर रविवारी हे माझ्याकडून पांढरा सदरा घालून घेतात. एक हात चालत नाही, तर बटणं मीच लावते. मग दाराकडे तोंड करून बसतात. आज येतील का हो पाळकसाहेब?”

मी तिला सांगितलं, की प्रकरण योग्य मार्गाने पुढे सरकतं आहे. हे खरंच होतं. त्याच आठवड्यात माझ्याकडे नमुना चार आला होता : ‘गृहभेटीची पूर्वतयारी. वेदीपासून आजाऱ्याच्या दारापर्यंतचं अंतर, पावलांत.’ मोजणी हे माझ्या पदाचं काम, म्हणून मी त्याच रविवारी दुपारी निघालो. वेदीपासून एक, दोन करत त्यांच्या दारात पोहोचलो तेव्हा एकशे चाळीस भरली. दार उघडं होतं. घड्याळजी खुर्चीत होते, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मला पाहून त्यांनी चालता हात वर केला. मी वहीत १४० लिहिलं आणि वळलो. भेट माझ्या पदात बसत नाही. नियमाप्रमाणे परतीचं अंतरही मोजलं, ते एकशे अडतीस आलं. परत जाताना माणूस जरा लांब ढांगा टाकतो.

शेवटी तोडगा आर्चडीकनसाहेबांनी काढला, आणि तो ऐकून आम्ही तोंडात बोटं घातली. ज्याला उणीव जाणवते, त्यालाच देवाने त्या कामासाठी बोलावलेलं असतं, असं ते म्हणाले. मावशीलाच गृहभेट-समन्वयक (प्रापंचिक) नेमलं की झालं. पण मग नियम बाराचं काय? त्याचंही उत्तर होतं. घड्याळजी अजून सभासद होतेच. आता नेतृत्वाधीन ते. चव्वेचाळीस नेते आणि खुर्चीतून उठता न येणारा एक अनुयायी, इतकी स्थिर मंडळी धर्मप्रांतात दुसरी नव्हती.

मावशीला बिल्ला दिला आणि अहवालाचा कागद दिला. तिने तो प्रामाणिकपणे भरला. स्वयंपाकघरातून ह्यांच्या खोलीत : एक भेट. अंग पुसायला : एक भेट. औषध द्यायला, कूस बदलायला, नुसतंच बसायला. महिन्याची बेरीज आली चारशे सोळा. शेजारच्या मंडळीची होती तीन. ‘भाकर व द्राक्षारस दिला काय?’ या रकान्यात मात्र तिने दर दिवशी ‘नाही’ असं लिहिलं होतं. तो रकाना दीक्षितांचा असल्यामुळे आम्ही तो बेरजेत धरला नाही.

आजाऱ्यांच्या भेटींत प्रथम क्रमांक म्हणून बिशपसाहेब स्वतः मानपत्र द्यायला आले. पाळकसाहेबही त्या दिवशी हजर होते. मावशीने मानपत्र घेतलं आणि बिशपसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलली. बिशपसाहेब माणूस म्हणून मऊ आहेत. त्यांनी मला विचारलं, घर लांब आहे का? मी वही उघडली आणि सांगितलं, की अंतराची नोंद झालेली आहे आणि अहवाल संयुक्त समितीसमोर आहे. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग चहा झाला, आणि त्यांची गाडी घड्याळजींच्या दारावरूनच गेली, कारण रस्ता तेवढा एकच आहे.

पुढच्या शनिवारी दुपारी घड्याळजी गेले. संयुक्त समितीची बैठक सोमवारी ठरली होती.

अंत्यविधी अतिशय नेटका झाला. सगळी पदं कामाला लागली. खिडक्या उघडल्या गेल्या आणि लावल्याही गेल्या. शांतता-संयोजकांनी दोनदा शांततेचं आवाहन केलं. पाळकसाहेब वेळेवर आले (मनोऱ्यावर अजून दहा वीसच वाजलेले असल्यामुळे आमच्याकडे आता कुणालाच उशीर होत नाही). शवपेटीजवळ ते फार सुंदर बोलले, उपस्थित राहण्याविषयी. मावशीची खुर्ची पदाधिकाऱ्यांत पुढे मांडली होती, पण ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. बिल्ला काढून तिने गीतपुस्तकावर ठेवला होता. मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, की तुमची जागा पुढे आहे.

तिने वर पाहिलं. “दादा, तुम्ही पावलं मोजायला आला होता ना, तेव्हा हे म्हणाले, ‘आले बघ.’ मग संध्याकाळपर्यंत सदरा काढू दिला नाही मला.”

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. मला फार वाईट वाटलं. हे सचिव म्हणून नाही, असंच सांगतो आहे, आणि ते कोणत्या नमुन्यात भरायचं हे मला अजून सापडलेलं नाही.

त्यानंतर तिने बिल्ला परत केला आणि सोबत सभासदांच्या यादीतून नाव काढण्याचा अर्ज दिला. घड्याळाची चावीही त्याच लखोट्यात होती. हल्ली रविवारी ती सुताराच्या आईकडे जाऊन बसते, असं कळतं. तो पाय पुन्हा दुखायला लागला आहे. कोणत्या अधिकारात बसते, ते समजलेलं नाही.

आमची अडचण मात्र गंभीर आहे. त्रेचाळीस नेते आहेत आणि नेतृत्वाधीन एकही नाही. नव्वदातले एक्क्याऐंशी दिवस उलटले. नऊ दिवसांत जागा भरली नाही तर नियम बाराप्रमाणे सगळी पदं रद्द होतील आणि आम्ही पुन्हा नुसते लोक होऊ. मग कुणी आजारी आहे असं कळलं तर काय करायचं, या विचाराने आमचा जीव टांगणीला लागला आहे.

उमेदवाराकडून अपेक्षा अशा. त्याला सगळं नीट दिसलं पाहिजे. कुणी जायला हवं होतं, हे त्याला आमच्याआधी कळलं पाहिजे. योग्य त्या ठिकाणी त्याला वाईटही वाटलं पाहिजे. आणि हे सगळं होत असताना तो जागचा हलता कामा नये.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही इथवर बसून वाचलंत. मी त्या दारातून वळलो तिथं तुम्हाला माझा राग आला, हे मी धरून चालतो. तुमच्या घरापासून एकशे चाळीस पावलांच्या आत दाराकडे तोंड करून बसलेलं एक माणूस तुम्हाला मधेच आठवलं, आणि तरी तुम्ही पुढचा परिच्छेद वाचायला घेतलात. इतका पात्र उमेदवार आम्हाला मिळाला नव्हता. समितीने तुमची निवड एकमताने केली आहे. तिसरा बाक, डावीकडे. तुम्ही बसलेलेच आहात, तेव्हा उठायची तसदी घेऊ नका.