खात्रीमामांचा सुरक्षित सराव

"बंदुकीचा सराव असा करून दाखवतो, की मुंगीच्या केसालाही धक्का लागणार नाही!" बुटाची नाडी बांधता बांधता खात्रीमामांनी बायकोला ऐकवलं.

"मुंगीला केस असतात?" बायकोनं विचारलं.

"बघून सांगतो," मामा म्हणाले.

कुठलीही गोष्ट खात्री केल्याशिवाय बोलायची नाही, हा त्यांचा स्वभावच. मामा बँकेचे बंदूकधारी रखवालदार; शटर लावलं की कुलूप ओढून बघायचे, निम्म्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढायचे, आणि घरी झोपेत उशीचा कोपरा ओढायचे. बँकेत त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं.

पण त्या दिवशी एवढ्या फुशारक्या मारूनही मामांनी सकाळपासून तीनदा कॅलेंडर बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचे साहेब बंदूक हाताळणीची परीक्षा घ्यायला येणार होते. मागच्या वर्षी साहेबांनी "भरा" म्हटल्याबरोबर मामांचे हात असे लटपटले, की काडतूस निसटून थेट साहेबांच्या खुर्चीखाली गेलं आणि साहेब खुर्चीवर चढले! खाली उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी असं झालं, तर बंदूकही परत आणि माणूसही परत!" या वयात आधीची, साबणाच्या गोदामातल्या काठीवाल्या वॉचमनची नोकरीसुद्धा पुन्हा मिळाली नसती. मामांचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून त्यांनी बंदूकवाल्या दुकानदाराकडून डमी काडतुसं आणली होती. नारिंगी रंगाची, आत दारू नाही, छर्रे नाहीत. आकार आणि वजन तेवढं खऱ्यासारखं. मॅनेजरबाईंनी कामकाज संपल्यावर सरावाला परवानगी दिली. शटर अर्धं ओढलं गेलं. खरी काडतुसं बाईंनी स्वतः स्ट्राँगरूममध्ये ठेवली आणि कुलूप लावलं.

"लावलंत ना?" मामांनी विचारलं.

"लावलं."

"ओढून बघितलंत?"

"मामा!"

आता नियम असा, की बंदूक रिकामी आहे हे दोघांनी बघायचं. मामांनी दुनळी बंदूक मधून वाकवून उघडली, मागच्या बाजूनं आत बघितलं, आणि मग कॅशियरला दाखवली.

"रिकामी आहे," कॅशियर म्हणाला.

"नीट बघा."

"अहो, पलीकडची भिंत दिसतेय!"

पण कॅशियरचा चष्मा नवा होता. नव्या नंबरावर भरवसा काय ठेवायचा? मामांनी कर्जविभागातल्या क्लार्कताईंना बोलावलं. मग शिपायाला. मग मॅनेजरबाईंना. सगळ्यांनी आळीपाळीनं त्या रिकाम्या नळ्यांचं दर्शन घेतलं. मग डमी काडतुसं दाखवली, तर क्लार्कताई म्हणाल्या, "मला तर शेंदरी वाटतायत."

मामांना दरदरून घाम फुटला. शेंदरी? दुकानदार तर नारिंगी म्हणाला होता! शेवटी बाईंनी रंगाचा निकाल लावला तेव्हा कुठे मामांनी टोपी आणि कोट काढून खुर्चीला लावला. टोपी डोळ्यांवर येऊ नये, कोटाची बाही अडकू नये म्हणून. मग त्यांनी खिशातला मोठा काळा रुमाल काढून नाकातोंडावर घट्ट बांधला.

"आता हे काय?" बाईंनी विचारलं.

"फायलींची धूळ आहे, बाई. ऐन वेळी शिंक आली आणि बोट हललं तर?"

बंदुकीचं तोंड स्ट्राँगरूमच्या जाडजूड भिंतीकडे. बोट चापापासून लांब. चौघे मामांच्या पाठीमागे. सगळं नियमाप्रमाणे! पण मामांना एक शंका आलीच.

"सगळ्यांनी हात वर करा!"

"का?"

"म्हणजे कुणाचा हात बंदुकीजवळ नाही, याची खात्री राहील."

लवकर घरी जायला मिळावं म्हणून चौघांनी निमूटपणे हात वर केले. मामांनी डमी काडतुसं भरली. आणि नेमक्या त्याच क्षणी, काउंटरवर विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पेन्शनवाल्या आजी अर्ध्या शटरखालून वाकल्या.

त्यांना काय दिसलं? तोंडाला काळा रुमाल बांधलेला टकलू इसम, हातात दुनळी, आणि हात वर करून उभी असलेली अख्खी शाखा.

"अगं बाई! बँक लुटतायत! धावा!"

आजी छत्रीविनाच पळत सुटल्या. आत मामांच्या कानात एवढंच शिरलं, की बँक लुटतायत. ज्या दिवसाला ते नोकरी लागल्यापासून घाबरत होते, तो दिवस आला होता, आणि त्यांच्या बंदुकीत होती नारिंगी खेळणी!

"दरोडा! बाई, खरी काडतुसं द्या!"

"मुळीच नाही!" बाई ओरडल्या. "तुम्हाला आत्ता पिचकारीसुद्धा देणार नाही मी!"

मग मामांनी सुचलं ते केलं. धावत जाऊन शटर खाली खेचलं आणि आतून कुलूप लावलं. ओढून बघितलं.

थोड्याच वेळात बाहेर शिट्ट्या, गाड्या आणि गर्दीचा गलका सुरू झाला. भोंग्यातून आवाज आला, "आत जो कुणी आहे, त्यानं बंदूक टाकून बाहेर यावं!"

मामांचे डोळे पांढरे झाले. "ऐकलंत? 'आत' म्हणाले! म्हणजे तो शिरलाय! आपल्यासोबत आतच आहे!"

शिपाई टेबलावर चढला. कॅशियरनं कॅशच्या पिंजऱ्यात स्वतःला कोंडून घेतलं. क्लार्कताईंनी पंचिंग मशीन उगारून संडासाचं दार उघडलं, तर आत फक्त बादली. मामा भिंतीला पाठ लावून उभे होते आणि बंदुकीचं तोंड मात्र स्ट्राँगरूमच्या भिंतीकडेच ठेवत होते.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मामांचे दोन्ही हात बंदुकीवर, म्हणून बाईंनी तो त्यांच्या कानाला लावला.

"अहो, बरे आहात ना?" बायको रडत होती. "तुमच्या बँकेत दरोडा पडलाय म्हणे! तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका हो! मेला फार खुनशी दिसतो म्हणतात. डोक्यावर केस नाही, पोट सुटलेलं, आणि तोंडाला काळा रुमाल!"

मामांनी हळूच पोटाकडे बघितलं. मग खिडकीच्या काचेत तोंडाकडे.

"अगं," ते कसेबसे म्हणाले, "तो मीच आहे."

पलीकडून बायको म्हणाली, "बँकेनं पगार दिला नाही का?"

बाईंनी फोन बंद केला आणि शटरच्या फटीला तोंड लावून ओरडल्या, "दरोडा नाही! आमचेच मामा आहेत! सराव चालला होता!"

"घाबरू नका, बाई!" बाहेरून इन्स्पेक्टर म्हणाला. "तो तुमच्याकडून हे वदवून घेतोय, समजलं आम्हाला!"

आता दुसरा उपायच नव्हता. शिपायानं कुलूप काढून शटर वर केलं. समोर पोलिसांच्या बंदुका, आणि त्यांच्या मागे हेड ऑफिसचे साहेब! उद्याच्या परीक्षेसाठी ते समोरच्या लॉजवर उतरले होते आणि गलका ऐकून चहा अर्धवट टाकून आले होते. मामांना वाटलं, संपलं. नोकरी गेली, आता फक्त जीव जातो की राहतो एवढंच बघायचं.

"बंदूक खाली ठेव! सावकाश!"

मामांनी बोट चापापासून लांब ठेवलं. तोंड भिंतीकडे. दुनळी वाकवून उघडली. एक काडतूस काढलं, दुसरं काढलं, टेबलावर ठेवलं. रिकाम्या नळ्या इन्स्पेक्टरला दाखवल्या आणि बंदूक खाली ठेवून मागे सरकले. एकदाही हात लटपटला नाही. लटपटायलासुद्धा ते हात घाबरले होते.

इन्स्पेक्टरनं काडतुसं उचलून बघितली आणि कपाळावर हात मारला. गर्दीला समजावून परत पाठवायला आणि आजींची छत्री त्यांच्या हातात द्यायला पोलिसांचा बराच वेळ गेला.

साहेब मात्र मामांसमोरच उभे होते. "हाताळणी उत्तम," ते म्हणाले. मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आता तोंडी परीक्षेचा एकच प्रश्न. दरोडा पडलाय असं समजल्यावर पहिलं काय केलंत?"

"शटर आतून लावलं, साहेब!"

"आणि दरोडेखोर खरोखरच आत असता तर?"

मामांनी खूप विचार केला. मॅनेजरबाईंनी डोळे मिटून घेतले. आणि मामा, अगदी खात्रीनं, म्हणाले,

"तर बाहेरून लावलं असतं, साहेब!"

साहेबांनी पेन काढलं.

"पास," ते बाईंना म्हणाले. "द्या बंदूक यांच्याकडे. हा माणूस ती चालवायची वेळ कधी येऊच देणार नाही."