अप्पांच्या पोटातले पाव्हणे

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढता काढता पहिला प्रश्न विचारतात, "संडास कुठल्या बाजूला हाय?" लग्नघर असो की मयताचं घर, प्रश्न तोच. जागा एकदा डोळ्यांनी बघून घेतली की मग ते निवांत टेकतात आणि ज्या कामासाठी आले त्याची चौकशी करतात. आमच्या गल्लीत एकाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सगळे देवघराचं कौतुक करत होते. अप्पांनी घरमालकाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "बात अशी हाय, आतली कडी जरा वर बसवायला पायजे होती."

लातूरला आमच्या शेजारीच त्यांचं घर. पुढच्या खोलीत सुतळी, दोर आणि ताडपत्र्यांचं दुकान. वय पासष्टीच्या पुढे, कपाळाला भस्म, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि पोट तीस वर्षांपासून बिघडलेलं. ते कधी फुगतं, कधी दुखतं. कधी चार दिवस मुकाट बसतं आणि पाचव्या दिवशी सकाळीच सात वेळा पळवतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्या पोटाचा सल्लागार म्हणून अप्पांनी माझी परस्पर नेमणूक करून टाकली. मी दूध आणायला बाहेर पडलो की ओट्यावरून बातमी यायची, "सर, आज गडगड लई हाय, पण पाऊस न्हाई." मला अजून चहासुद्धा मिळालेला नसायचा.

लातूर-नांदेड रस्ता त्यांना तोंडपाठ आहे, पण त्यांच्या पद्धतीनं. "चाकूरच्या अलीकडं पंपामागं एक हाय. स्वच्छ हाय, पण दार हातानं धरून बसावं लागतंय. अहमदपुरात दोन हायेत. तिथून लोह्यापर्यंत महादेवावर हवाला." माझं गाव नांदेड. एवढी वर्षं त्या रस्त्यानं जाऊनही मला यातलं काहीच माहीत नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. आई लवकर गेली, त्यामुळे आठवीपासून तीच वडलांना मऊ भात करून घालायची. तिला जळकोटचं एक फार चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घरची बागायत. अप्पांनी नकार दिला. मी जरा चिडूनच कारण विचारलं.

"पोरगा सोन्यासारखा हाय सर. पण गावाला रेल्वे न्हाई."

"रेल्वेचा काय संबंध?"

"बशीत संडास नसतोय. रेल्वेत असतोय. पोरगी दिली तर भेटाया जाता आलं पायजे का न्हाई?"

नंदा शेवटी मुदखेडला दिली. मुदखेड जंक्शन. गाडी लांबून फिरून जाते, बसच्या दुप्पट वेळ लागतो, तरी अप्पा दर दोन महिन्यांनी जायचे. फक्त तिथे जेवायचे नाहीत. नंदाच्या सासूबाई आग्रह करायच्या आणि अप्पा हात जोडून म्हणायचे, "रीत हाय ताई. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरी जेवू न्हाई." ही रीत आता फारसं कुणी पाळत नाही. पण कारण सभ्य होतं. सासूबाईंना उलट जुन्या वळणाच्या व्याह्यांचा अभिमान वाटायचा. सहा वर्षं अप्पा या रितीच्या आड सुखानं बसले.

मग नातू झाला. आदल्या दिवशी गल्लीभर पेढे वाटणारे अप्पा दुसऱ्या दिवशी ओट्यावर डोकं धरून बसलेले दिसले.

"सर, आता रीत संपली."

त्यानंतर दोनदा ते मुदखेडला गेले आणि अर्धा कप चहा घेऊन परत आले. सासूबाईंनी मनात धरलं. नंदानं पोटाचं सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "इतके रिपोर्ट काढले, सगळे चांगले आले म्हणतीस. मग पोट आमच्याच घरी कसं दुखतंय?" त्यानंतर उठता-बसता तेच. तुझ्या वडलांना आमचं अन्न गोड लागत नाही, आम्ही काय हलके आहोत का. नंदा फोनवर रडली. नातवाचं जावळ दोन महिन्यांवर आलं होतं.

यातली खरी गोम रिपोर्टांवरच्या 'नॉर्मल' या शब्दात होती. अप्पांइतका त्या शब्दाचा तिरस्कार करणारा माणूस मी पाहिला नाही. रक्त, सोनोग्राफी, तोंडातून दुर्बीण, सगळं झालेलं आणि सगळ्यावर तो एकच शब्द. एका डॉक्टरनं मनावर घेऊ नका म्हणून गोळ्या दिल्या होत्या. "दुखतंय पोट, आन् औषध मनाला," अप्पा म्हणायचे. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला विचारलं, "मी दुखतंय म्हणून राहिलो आन् कागद म्हणतोय काही न्हाई. मग सर, मी खोटा का कागद?" वर्गात मी असल्या प्रश्नाला 'पुढच्या तासाला पाहू' म्हणून टाळतो. इथे ते जमेना.

अशात त्यांनी मोबाईलवर एका डॉक्टरचं भाषण ऐकलं आणि फोन घेऊन धावत माझ्याकडे आले. जंतूंचा विषय होता. मी समजावून सांगितलं की आतड्यात जंतू असतातच, त्यांची मुख्य वस्ती खाली मोठ्या आतड्यात असते. कधी कधी लहान आतड्यात त्यांची संख्या फार वाढते. तिथे ते आपलं अन्न आपल्या आधीच खातात, वायू सोडतात, पोट फुगतं, दुखतं. अशी पोटं असणाऱ्या काही लोकांच्या त्रासाचं हे कारण असू शकतं. सगळ्यांच्या नाही, आणि किती जणांच्या, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. यातलं 'असू शकतं'च्या पुढचं अप्पांनी ऐकलंच नाही.

"पाव्हणे!" ते ओरडले. "खालच्या मजल्यावरचे पाव्हणे वर चढून बसलेत सर! तीस वर्षं फुकट जेवून राहिलेत!"

त्या दिवसापासून त्यांचा चेहराच बदलला. पोट दुखलं तरी ते जवळजवळ आनंदात असायचे. पाव्हणे उठले, पाव्हण्यांना आज वांगं सोसलं न्हाई, असं चालायचं. "जंतू म्हणलं की कुनी हसत न्हाई," ते मला म्हणाले. "इहीणबाईला कागद दाखवतो. कागदावर जंतू आले की पोरीच्या डोक्यावरचं जाईल."

शहरातल्या एका पोटाच्या डॉक्टरांनी श्वासाची तपासणी सुचवली. आदल्या दिवशी नुसता कोरडा भात, रात्रीपासून उपाशी. सकाळी एक गोड पाणी पाजतात आणि मग दर थोड्या वेळानं एका नळीत फुंकायचं. जंतू जास्त असले तर त्यांचा वायू श्वासात उतरतो. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पहिली फुंकर त्यांनी अशी मारली की तिथल्या बाईंनी "आजोबा, हळू" म्हटलं. अडीच तास ते फुंकत होते आणि दोन फुंकरींच्या मध्ये पोटावर हात ठेवून पुटपुटत होते, "निघा आता, भाईर निघा." माझी रजा त्यात गेली, पण इतका आशेनं भरलेला रोगी मी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "जंतू वाढल्याचं यात दिसत नाही. ही तपासणी कधी चुकतेही, पण यावरून मी हो म्हणू शकत नाही. पुष्कळ वेळा असं एकच कारण सापडत नाही, अप्पा. त्रास मात्र खरा असतो."

अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "थोडे तरी असतील की, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर भले होते. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली, पथ्याचा कागद दिला, एक गोळी दिली. डाळी, कांदा, गहू जपून खायला सांगितलं. परत येताना अप्पांनी पथ्याचा कागद खिशात घातला आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं. रोग नाही म्हणून इतका खचलेला माणूस कुणाला समजावून सांगणार?

जावळाला त्यांनी मलाही बरोबर नेलं. मुदखेडला पोचलो आणि त्यांनी अंगणातूनच मोठ्यानं सांगितलं, "इहीणबाई, सापडलं बरं का! पोटात जंतू होते. डॉक्टरनं औषध दिलं, सगळे गेले. आज पंगतीला पयलं पान माझं."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "व्हय का हो सर? तुम्ही शास्त्राचे मानूस." एका चुकीच्या उत्तराला निम्मे गुण कापणारा मी. दारात नंदा पोराला कडेवर घेऊन उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, "होते. लहान आतड्यात होते."

पान वाढलं गेलं. पुरणाची पोळी, वर तूप, पुरणाच्या डाळीच्या पाण्याची, येळवणीची आमटी, कांद्याची भजी. पथ्याच्या कागदावर जे जे खोडलेलं होतं ते सगळं ओळीनं पानात आलं. अप्पांनी चार पोळ्या खाल्ल्या. नंदा पाचवी घेऊन आली तेव्हा त्यांनी हातानं पान झाकलं नाही. तिनं वाढताना डोळे पुसले. "अप्पा, गोड झालंय?" "लई," अप्पा म्हणाले.

परतीच्या प्रवासाचं मी लिहीत नाही. घरी आल्यावर तीन दिवस ते खाटेवर होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत होतो, तेव्हा नंदाचा फोन आला. माझ्याकडेच, कारण अप्पा फोन उचलत नव्हते. तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. म्हणाली, सासूबाई गल्लीभर सांगत फिरतायत, आमचे व्याही पाच पोळ्या खाऊन गेले. कालपासून मला 'नंदाबाळ' म्हणतायत. पुढच्या महिन्यात अप्पांना आठ दिवस राहायला बोलवलंय.

मी फोनवर हात ठेवून अप्पांना सांगितलं. ते पोटाशी उशी धरून कुशीवर पडले होते. डोळे मिटूनच म्हणाले, "येतो म्हणावं."

माझा संताप अनावर झाला. फोन बंद केल्यावर मी वाट्टेल ते बोललो. वयाचं भान ठेवा म्हणालो, खोट्याच्या पायी जीव द्यायचाय का म्हणालो. अप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश डोळे उघडले. चेहरा उतरलेला होता, पण डोळे हसत होते.

"सर, तीस वर्षं दुखलं. कशानं, ते एकाला सांगता आलं न्हाई. आज कशानं दुखून राहिलं, ते मला ठाव हाय."