मगरे काकांची चौकशी

माणसं भेटली की 'काय म्हणता' विचारतात, 'जेवलात का' विचारतात. आमचे मगरे काका विचारतात, "सकाळी साफ झालं का?"

बरं, हे ते कानाशी येऊन विचारत नाहीत. भाजीच्या गाड्याभोवती आठ-दहा बायामाणसं उभी असताना, रस्त्याच्या त्या कडेवरून विचारतात. दूध आणायला निघालेल्या हेडमास्तरांना त्यांनी विचारलंय. एका लग्नात तर त्यांनी वरातीसाठी घोड्यावर चढू घातलेल्या नवरदेवाला विचारलं. मुलीकडची मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. "चढल्यावर विचारून काय फायदा?" हा वर काकांचा खुलासा.

मगरे काका पडेगावला आमच्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून. बत्तीस वर्षं लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. बायको वारलेली, मुलगा नोकरीला पुण्यात, घरात हे एकटे. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, नाहीतर कट्ट्यावर बसून सरकार चालवतात. काकांनी मूळव्याध धरली. म्हणजे दुसऱ्यांची. तापलेल्या इंजिनाशेजारी बत्तीस वर्षं बसलेला माणूस दुसऱ्या कशावर बोलणार, असं आमच्या कॉलनीचं एकमत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणून आम्ही डोळे मिचकावत असू. सगळ्यात जास्त मी. काकांची नक्कल हा माझा हातखंडा प्रयोग होता आणि पाहुणे आले की तो झाल्याशिवाय चहा येत नसे.

त्यांची नजर माणसाच्या चेहऱ्यावर कधी ठरतच नाही. ती माणूस बसतो कसा यावर असते. खुर्चीच्या टोकाला बसलेला माणूस आपल्याला नम्र वाटतो, काकांना तो पेशंट वाटतो. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडत कॉलनीत आला आणि घाईत असल्यामुळं प्लास्टिकच्या खुर्चीवर जेमतेम टेकला. काका उठले, घरात गेले आणि जिरं-सैंधव घातलेल्या ताकाचा तांब्या घेऊन आले. "भाषण मागून करा साहेब, आधी हे घ्या. किती दिवसापासून हाय?" उमेदवारानं ताक प्यायलं. मतं मागायला आलेला माणूस नाही कसं म्हणणार? पण पुन्हा काही तो आमच्या गल्लीत फिरकला नाही.

काकांच्या स्वयंपाकघरात गेलात तर ओट्यावर ओळीनं वाट्या दिसतील. एकीत काळे मनुके भिजत घातलेले, दुसरीत सुके अंजीर, तिसरीत मेथ्या. कोपऱ्यात इसबगोलाचा डबा, त्याच्या शेजारी त्रिफळा. मैदा या माणसाचा जन्माचा वैरी. आता आमचं शहर हे नान-कलियावर, म्हणजे मैद्याचा नान आणि मटणाचा रस्सा यांवर पोसलेलं शहर. दावतीला नान-कलिया नसेल तर लोक रुसतात. काका तिथं जाऊन माणसांच्या हातातला नान मोजतात. "एक झाला. आता भाकर मागा," असं ते एकदा चक्क यजमानाच्या सासऱ्याला म्हणाले. ठेच्याचं तर विचारूच नका. ठेचा न खाणारा मराठवाड्यातला माणूस म्हणजे वाळीत टाकायच्या लायकीचा, पण काका ताटातून ठेच्याची वाटी उचलून परत पाठवतात. "जाताना गोड लागतंय, येताना हिशेब घेतंय!"

विहारात वंदना झाली, लोक चपला शोधायला लागले की हे दारात उभे. "पाच मिनटं थांबा मंडळी. जोर लावायचा नाय. आत मोबाईल न्यायचा नाय. पाणी लई प्यायचं." शेवटी विहारातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना समज दिली, की मगरे, इथं मनाची शुद्धी चालते, तुमचं ते बाहेर. तेव्हापासून काका तीच पाच मिनिटं फाटकाबाहेर घेतात.

अंजीर घ्यायला ते शहागंजच्या बाजारात जातात. मीही एकदा सोबत होतो आणि ती चूक मी पुन्हा केली नाही. सुक्या मेव्याच्या दुकानात त्यांनी अंजीर उलटंसुलटं केलं, दाबलं, हुंगलं आणि मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडं वळले. "काजू घेऊ राहिले? काजूनं काय होतंय? कोठा जड होतो. बसताना तरास हाय का?" गिऱ्हाईक काजू तिथंच ठेवून निघून गेलं. गल्ल्यावरचे चाचा कळवळून म्हणाले, "मगरे साब, आपके पाँव पकड़तूँ, मेरे गाहक नक्को भगाओ! आप अंजीर लेके जाव, मैं घर भेज देतूँ." काकांनी हे फार मोठा मान समजून घेतलं. घरी येईपर्यंत मला सांगत होते, की चाचा आता घरपोच द्यायला तयार झाला बघा.

कॉलनीची सहल वेरूळला गेली तेव्हा आम्ही सगळे कैलास लेण्यासमोर तोंडाचा आ वासून उभे होतो. काका वर बघत नव्हते. उन्हानं तापलेल्या पायरीवर बसलेल्या बायकांना ते उठवत होते. मग लेण्याकडं एक नजर टाकून म्हणाले, "काय लोक असतील! एवढी वर्षं तापल्या दगडावर बसून काम. ह्यांच्यातल्या किती जणांना असंल, कोणी लिहून ठेवलं का?" जगातून माणसं हे बघायला येतात आणि आमच्या शेजाऱ्याला तिथं हे सुचतं. मला त्या दिवशी त्यांची लाज वाटली, आणि त्यांचं ते वाक्य मी बसमध्ये सगळ्यांना साभिनय करून दाखवलं.

त्यांनी दिलेल्या सुरणाच्या गड्ड्याबद्दलही सांगायला हवं. सुरण हे काकांच्या लेखी अमृत. आमच्या हिनं ते नेहमीच्या भाजीसारखं फोडणीला टाकलं. चिंचेच्या पाण्यात ठेवायचं असतं हे काका सांगायला विसरले होते. घरातल्या चौघांचे घसे दोन दिवस खाजत होते. मी भिंतीवरून ओरडलो, तर काका शांतपणे म्हणाले, "घसा खाजला ना? म्हणजे सुरण अस्सल हाय."

आणि मग मलाच झाली.

मी जगताप, सरकारी कचेरीत कारकून. वीस वर्षं खुर्चीवर बसलोय, ठेच्याशिवाय घास उतरत नाही, आणि सकाळी आत मोबाईल घेऊन अर्धा तास बसायची सवय. पहिले दोन दिवस मी मानलंच नाही. तिसऱ्या दिवशी रक्त दिसलं. हे सांगायचं कुणाला? बायकोला सांगवेना. आणि सगळ्या शहरात ज्या एका माणसाला सांगता आलं असतं, त्याच्यावर मी पाच वर्षं हसत आलो होतो. उद्या हा माणूस भाजीच्या गाड्यावर माझी चौकशी करणार, या कल्पनेनंच घाम फुटला. कचेरीतल्या एकानं 'त्याच्या मेव्हण्याला' लागू पडलेला उपाय सांगितला: थंड दुधात लिंबू पिळून लगेच पिऊन टाकायचं. लगेच म्हणजे किती लगेच, हे मला कळलं नाही. नासलेलं दूध डोळे मिटून प्यायलो आणि दिवसभर मळमळत बसलो. म्हणजे, बसलो असं तरी कसं म्हणावं!

पाचव्या दिवशी सकाळी स्कूटर काढताना मी सीटवर जरा तिरका टेकलो. भिंतीपलीकडं काका ताक घुसळत होते. त्यांची रवी थांबली. मी डोळे मिटले. आता आरोळी येणार.

आरोळी आली नाही. काका फाटकातून आले, अगदी जवळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, चला आत. च्या घेऊ."

त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटलं. कधीपासून, दुखतं का, खाज आहे का, वजन कमी झालं का, सगळं विचारलं. एकदाही हसले नाहीत. इसबगोलाचा डबा त्यांनी हातात घेतला होता. मग म्हणाले, "रक्त?"

"थोडं," मी म्हणालो.

काकांनी डबा जागेवर ठेवून दिला. "मग माझं काम संपलं. रक्त दिसलं की मगऱ्याचं ताक बंद. ते मूळव्याधीचं हाय का आतलं दुसरं काय, हे मला कळत नाय आणि तुम्हाला तर नायच नाय. डॉक्टरला दावायचं. आज."

"आज कचेरीत..."

"कचेरी कुठं पळून नाय चालली. उठा."

रिक्षातून ते माझ्यासोबत आले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, साधी मूळव्याध आहे, सुरुवात आहे, घाबरू नका. मग एक मलम लिहून दिलं आणि बोलायला लागले. पाणी भरपूर प्या. भाजी-भाकरी, फळं, इसबगोल. तिखट आवरा. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं बसा. शौचाची कळ आली की टाळू नका, जोर लावू नका, मोबाईल बाहेर ठेवा. पुन्हा रक्त दिसलं तर लगेच या. मी कपाळावर हात मारला. गेली पाच वर्षं जे फाटकाबाहेर फुकट मिळत होतं, तेच हे शुद्ध मराठीत. काका बाहेर बाकड्यावर बसून होते. साधीच आहे म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला अवघडल्यासारखं झालं.

परत येताना मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, तुमची कशी बरी झाली?"

"माझी? मला कधीच नव्हती."

"मग हे सगळं?"

"रमाबाईला होती," ते म्हणाले. रमाबाई म्हणजे त्यांची बायको. "पोरगा झाला तेव्हापासून. एकवीस वर्षं. आणि मला म्हाईत नाय. मला सांगायची, कंबर धरलीय. आमच्या बायामाणसांत असंच सांगतात, हे मला काय म्हाईत? मी बाम आणला. शहागंजातून कमरंचा पट्टा आणला. एक नाय, दोन आणले! स्वतःच्या हातानं आवळून बांधायचो आणि विचारायचो, बरं वाटलं का? ती म्हणायची, व्हय."

रिक्षा वळणावर हेलकावली. काका समोरचा दांडा धरून बसले होते.

"माझ्याच बसमधनं माहेराला जायची. तिच्यासाठी पुढची सीट मी राखून ठेवायचो. ही बसायची नाय. चार-चार तास दांडा धरून उभी. मी सगळ्या पॅसेंजरांसमोर वरडायचो, बस की, बसायला काय काटं टोचतेत का? आणि ती हसायची." काकांनी दांड्यावरची पकड बदलली. "तापानं गेली. मग पुण्यानुमोदनाला सगळे पाहुणे जमले, तेव्हा बायकांत पाणी द्यायला गेलो, तर तिची बहीण सांगत होती, लई सोसलं हो रमानं, शेवटपर्यंत धड बसता आलं नाय. साहेब, साध्या मनुक्याचं काम होतं. कोमट पाण्याचं. एका डॉक्टरचं. पण मी कधी विचारलंच नाय."

मी रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगितलं.

"म्हणून आता विचारतो," काका म्हणाले. "लोक हसतेत, हसू द्या. दहा हसतील, एखादा खरं सांगंल. बायामाणसं मला नाय सांगणार, हे कळतं मला. म्हणून गावातल्या लेडी डॉक्टरांच्या वेळा पाठ करून ठेवल्यात." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही वहिनींना विचारलं का कधी?"

"हिला काय होतंय? हिची फक्त कंबर..." मी म्हणालो.

काका बाहेर बघत राहिले.

घरी आलो तेव्हा ही ओट्यापाशी उभ्यानं भाकरी थापत होती. आमच्या घरात बामाच्या बाटल्या कधीच संपत नाहीत. त्यावरून मी तिची चेष्टाही करतो, की तुझं निम्मं वजन बामाचं आहे. मी दारात उभा राहिलो. जे मगरे काका दिवसातून वीस जणांना विचारतात, ते मला एका माणसाला विचारता येईना. शेवटी एकदाचं म्हणालो, "बसताना त्रास होतो का गं तुला?"

तिचा हात परातीत थांबला. वळून न बघता ती म्हणाली, "धाकटी झाली तेव्हापासून."

धाकटी आता नववीत आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

ती पुन्हा थापायला लागली. "तुम्ही मगरे काकांची नक्कल करता, तेव्हा मी इथंच असते ना. सगळे हसतात. तुम्हाला काय सांगणार?"

मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं, म्हणजे प्रयत्न केला, आणि तिला म्हणालो, की जेवण राहू दे, आडवी हो जरा. ती रडली. मग मीही रडलो. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

संध्याकाळी मी भिंतीपाशी गेलो आणि काकांना लेडी डॉक्टरच्या वेळा विचारल्या. साऱ्या गावाची चौकशी करणाऱ्या त्या माणसानं, कोणासाठी, एवढंही विचारलं नाही. सोमवार आणि गुरुवार, अकरानंतर, म्हणून सांगितलं. मी वळलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"साहेब, बसमधनं नेऊ नका. रिक्षा करा."