अकरा किलो चारशे ग्रॅम

हलका कॅमेरा मी घेणार नाही, असं आमच्या घरात मी पहिल्यांदा जाहीर केलं, तेव्हा माझा उजवा हात शर्टाच्या बाहीत अर्ध्यावर अडकलेला होता. पुढे सरकेना, मागे येईना. बायको बाही धरून ओढत होती आणि मी तिला तत्त्वाची गोष्ट सांगत होतो. (तत्त्वाची गोष्ट सांगताना माणूस पूर्ण कपड्यांत असावा, असं माझं आता मत झालंय.)

"अहो, हात खाली करा आधी."

"हात खाली करीन, पण मान खाली घालणार नाही."

"मान कोण मागतंय? बाही फाटेल."

तर मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. एकतीस वर्षं बिलांच्या तक्रारी घेतोय. पण ती झाली नोकरी. ओळख विचाराल, तर मी फोटोग्राफर. खात्यात नवा पंप बसला, कुणी निवृत्त झालं, कुणाला बढती मिळाली, की फोटो माझाच. आणि फोटो काढायला मी जातो तो पूर्ण सरंजाम घेऊन. कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड. त्यातल्या सगळ्यात लांब लेन्सला आमच्या घरात तोफ म्हणतात. पंपाच्या फोटोला तोफ कशाला लागते, असं बायको विचारते. काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

खांद्याच्या डॉक्टरांनी मात्र सरळ विचारलं, "किती वजन उचलता?"

"फारसं नाही," मी म्हणालो.

"अकरा किलो," बायको म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा."

"गोड बंदच केलंय मी."

"तुमचं नाही हो. बॅगेचं."

तिथून निघालो ते बायकोने मला थेट कॅमेऱ्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराने काचेवर एक इवलासा कॅमेरा ठेवला. मी तो तळहातावर घेतला. वजन लागेचना.

"हा कॅमेरा आहे की साबणाची वडी?"

"साहेब, फोटो तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यासारखेच येतात. कंपनीही तुमचीच, बटणंसुद्धा तीच. आजकाल बरेच ज्येष्ठ लोक हाच नेतात."

ज्येष्ठ. मी छप्पन्न वर्षांचा आहे. छप्पन्न म्हणजे काय वय झालं? मी त्याला एवढंच म्हणालो, की बाबा रे, ज्या दिवशी मी ही वडी गळ्यात घालीन, त्या दिवशी मी फोटोग्राफर राहिलो नाही असं समज. लोक म्हणतील, याला आता झेपत नाही. आणि एकदा का माणसाला झेपत नाही असं ठरलं, की मग लोक त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, पण काम देत नाहीत.

मी हे बोलत असताना बायकोने त्या वडीने माझा फोटो काढला. तोंड उघडं, बोट वर. फोटो दुर्दैवाने चांगला आला होता.

आता खरा प्रश्न सांगतो. आमच्या खात्याची जुनी उंच टाकी सुरुंग लावून पाडायची ठरली होती. दीड महिन्याने, रविवारी सकाळी अकरा वाजता. एकतीस वर्षं माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून मी ती टाकी बघतोय. तक्रार करणारा माणूस समोर ओरडत असला, की मी त्याच्या डोक्यावरून टाकीकडे बघतो, म्हणून मी शांत राहतो. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "ती पडतानाचा फोटो तुम्हीच काढायचा. समोरच्या नव्या इमारतीच्या गच्चीवरून. मोठा करून त्याच इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावू. खाली तुमचं नाव." एकतीस वर्षांत खात्याच्या कुठल्याही भिंतीवर माझं नाव लागलेलं नाही. एकदा लागलं होतं, पण ते उशिरा येणाऱ्यांच्या यादीत.

नव्या इमारतीला चार मजले, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, आणि लिफ्ट अजून बसायची होती.

"म्हणजे साबणाची वडी न्या," बायको म्हणाली.

"तोफ नेणार. सगळं नेणार. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या न थांबता चढून दाखवणार. थांबलो, तर तू म्हणशील तो कॅमेरा गळ्यात घालीन. नाही थांबलो, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

"बरं," ती म्हणाली.

इतक्या पटकन ती आजवर कशालाच बरं म्हणाली नव्हती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण मी भरात होतो. सामान मोजायचा हुकाचा काटा काढला, बॅग त्याला टांगली आणि आकडा तिला मोठ्याने वाचायला लावला. अकरा किलो चारशे ग्रॅम. मग बॅगेच्या चेनला मी छोटं कुलूप लावलं. उद्या कुणी म्हणायला नको, की मी गुपचूप वजन कमी केलं. आता हे कुलूप निघेल ते गच्चीवरच. आणि मला स्वतःलाही मोह होऊ नये म्हणून किल्ली बायकोच्या ताब्यात दिली. (हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी नंतर बऱ्याचदा वाचलंय.)

सराव आमच्याच जिन्यावर सुरू केला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिथले विमा एजंट दार उघडून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, आत जाऊन खुर्ची घेऊन आले आणि मी बसल्यावर मला एका पॉलिसीची माहिती दिली. मी खुर्ची घेतली, पॉलिसी घेतली नाही.

पण मी हटलो नाही. डॉक्टरांनी एक व्यायाम दिला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि दुखऱ्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर वर न्यायची. मी तो सकाळी करायचो, संध्याकाळी करायचो, ऑफिसातही करायचो. आणि काय सांगू, फरक पडायला लागला. दुसऱ्या आठवड्यात मी दुसरा मजला ओलांडला. तिसऱ्या आठवड्यात दारापर्यंत पोचलो, फक्त बोलता येत नव्हतं. चौथ्या आठवड्यात बोलतही होतो. पाचव्या आठवड्यात तर मी शीळ घालत चढलो. विमा एजंट खुर्ची घेऊन दारात उभेच राहिले. त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आज कसं वाटलं?" बायको रोज विचारायची.

"पिसासारखं. अकरा किलो चारशे ग्रॅम आहे यावर विश्वास बसत नाही."

"खरंच बसत नाही," ती म्हणायची आणि पदर तोंडाला लावून आत जायची. तिचे खांदे हलताना मला दिसायचे. मला वाटायचं, बाईला भरून आलं.

ऑफिसात तर मी प्रचारच सुरू केला. आमच्या विभागात तीन जणांचे खांदे आणि दोघांची मान दुखते. सगळ्यांना मी भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मोठे साहेब अचानक आले, तेव्हा बिलांचा अख्खा विभाग त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवर बोटं चढवत होता.

"भिंतीला ओल आलीय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, निश्चय," मी म्हणालो. साहेब भिंत चाचपून निघून गेले.

रविवार उजाडला. मोठ्या कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या रात्रभर चार्ज करून मी खिशात टाकल्या. बायकोने किल्ली हातात दिली. तिने माझ्या शर्टाची बाही धरली, मी हात घातला, थोडा ओरडलो, पण ते सवयीने.

"सांभाळून," ती म्हणाली. "आणि रागावू नका."

"कुणावर?"

"कुणावरच."

नव्या इमारतीचा जिना मी कसा चढलो म्हणून सांगू. पुढे मी, मागे साहेब, त्यांच्या मागे पाच-सहा अधिकारी. दुसऱ्या मजल्यावर साहेब कठडा धरून थांबले. मी थांबलो नाही. तिसऱ्या मजल्यावर मी वरून विचारलं, "साहेब, तुमची फाईल घेऊ का? माझ्याकडे अकराच किलो आहेत." अठ्ठ्याऐंशी पायऱ्या मी एका दमात चढलो आणि गच्चीवर पोचल्यावर मला खरं सांगायचं तर रडू आलं. झेपतंय, मी स्वतःला म्हणालो. अजून झेपतंय.

मग अधिकारी जमले. सुरुंगाला सात मिनिटं होती. मी सगळ्यांसमोर कुलूप काढलं आणि चेन उघडली.

तोफेच्या जागी गुंडाळलेला टॉवेल होता. फ्लॅशच्या कप्प्यात भांडी घासायचा नवा स्पंज. मधली लेन्स होती तिथे सोफ्यावरची छोटी उशी. ट्रायपॉडच्या खोळीतून मी छत्री बाहेर काढली. आणि मधोमध, मऊ फडक्यात नीट गुंडाळलेली, साबणाची वडी. तिला चिठ्ठी लावलेली होती: 'चार्ज केलाय. पट्टा डाव्या खांद्यावर घ्या.'

"छत्री कशाला?" एका अधिकाऱ्याने विचारलं.

"धूळ उडेल ना," मी म्हणालो आणि कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"माझी तोफ कुठेय?"

"कपाटात. चादरींच्या मागे. सगळं तिथेच आहे. दर शनिवारी एकेक काढत होते. पोचलात का न थांबता?"

"हा प्रश्न नाही. तू मला फसवलंस. दीड महिना मी टॉवेल घेऊन जिना चढलो."

"दीड महिना नाही. पहिला आठवडा खरी बॅग होती. तेव्हा तुम्ही दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसला होता, आणि तोंड असं पांढरं पडलं होतं." "अहो, रोज सकाळी बाहीत हात घालताना तुमचं तोंड मी बघते. तुम्हाला ते दिसत नाही. तुम्ही म्हणालात, मी घेणार नाही. ठीक आहे, तुम्ही नाही घेतलात. मी घेतला. आता भांडण संध्याकाळी करू. टाकी किती वाजता पडतेय?"

पहिला भोंगा वाजला. चार मिनिटं. खिशातल्या दोन बॅटऱ्या त्या वडीच्या कुठल्याच भोकात जाणाऱ्या नव्हत्या. पळून जावं असं वाटलं, पण पळायला अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, आणि पळालो तर बायकोचंच खरं ठरणार. मी वडी हातात घेतली. वळून पाहतो तर सगळे अधिकारी कठड्याला चिकटून उभे. पुढे सरकायला बोटभर जागा नाही. कारकुनाला कोण जागा देतो?

दुसरा भोंगा. मी दोन्ही हात वर केले.

माझा उजवा हात गेलं वर्षभर कानाच्या वर गेला नव्हता. त्या दिवशी गेला. दुखलं, पण गेला. साहेबांच्या टकलाच्या वर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, मी ती वडी धरली, मागचा पडदा खाली वळवला आणि त्यात माझी टाकी दिसली. रोजच्या खिडकीतून दिसायची तेवढीच. मग धप्प आवाज झाला, टाकी कंबरेत वाकली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि बसली. मी बटण दाबतच होतो. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीचं नव्हतं, धूळ अजून पोचायची होती.

फोटो उत्तम आला. साहेब म्हणाले, "वा, काय उंची गाठलीय." नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तो लागला, खाली माझं नाव लागलं, तेही शुद्ध. कुणी विचारलं, की कोणता कॅमेरा, तर मी सांगतो, कॅमेरा महत्त्वाचा नाही, व्यायाम महत्त्वाचा.

घरी मात्र मी नमतं घेतलं नाही. पैज मी जिंकली होती. न थांबता चढलो होतो, बॅग माझ्या खांद्यावर होती, आत काय होतं हा बारकावा झाला. बायको म्हणाली, बरं बाबा, जिंकलात. वडी मी वापरतो, ते केवळ ती घरात आलीच आहे म्हणून. पण मोठी बॅग मी सोडली नाही. वडी असते बॅगेत, आणि बॅग असते खांद्यावर. डाव्या. लोकांना कळायला नको, की आत काय आहे.

गेल्या रविवारी नदीवर फोटो काढून परत येताना बायकोचा फोन आला. "मोठी बॅग नेलीच आहे, रिकामीच आहे, तर येताना भाजी घेऊन या." यादी लांब होती. पाच किलो बटाटे, दोन किलो कांदे, कोबी, भोपळा आणि तेलाची बाटली. भाजीवालीने सगळं बॅगेत कोंबलं. चेन जेमतेम लागली. उगाच उत्सुकता म्हणून मी तिच्या काट्यावर बॅग ठेवून पाहिली. अकरा किलो चारशे ग्रॅम.

दुसऱ्या मजल्यावर विमा एजंटांनी मुकाट्याने खुर्ची मांडली. मी मुकाट्याने बसलो.

"आज फार वजन दिसतंय," ते म्हणाले.

"लेन्स आहेत," मी म्हणालो. "तोफ आणलीय."

तेवढ्यात चेन सरकली. एक बटाटा बाहेर आला, माझ्या बुटावर पडला आणि एकेक पायरी करत, सावकाश, पार तळमजल्यापर्यंत गेला. आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत जाताना पाहिला. एजंट खाली उतरले, बटाटा उचलला, शर्टाला पुसला, वर आले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"जपून ठेवा," ते म्हणाले. "विमा उतरवलाय का याचा?"