व्हर्लन टिबिट्स यांस संदेष्टेपद प्राप्त जाहले त्याची हकीकत

प्रभूचे चरणी मस्तक ठेवून आरंभ करितो. अमेरिकेतील मिसुरी प्रांती इंडिपेंडन्स कसबा, जेथे प्रभू पुन्हा उतरणार ऐसा मॉर्मन नामक ख्रिस्ती पंथाचा भरवसा, आणि सबब पंथाच्या हरेक शाखेने आपापले देऊळ बांधून जागा धरून ठेविली, त्या कसब्यात एका सतरा असामींच्या मंडळीत गादीचा कज्जा उद्भवला. तो कैसा मिटला, हे लहान लेकरांसही उमजावे ऐशा बेताने, घाई न करिता लिहितो.

मंडळीचे थोरले संदेष्टे आल्विन रॅग्सडेल मे महिन्यात वयाच्या ब्याण्णवावे वर्षी प्रभूच्या घरी गेले. संदेष्टा म्हणजे ज्यास देव जातीने हुकूम सांगतो तो. त्यांनी वारस नेमिला नव्हता. शिरस्ता ऐसा की, देवाने नाव सांगावे आणि मग मंडळीने उजवे हात वर करून ते मान्य करावे. हातांखेरीज देवाचेही चालत नसे.

आता व्हर्लन टिबिट्स, पूर्वी शाळेची बस हाकणारे, चाळीस साल दुय्यम सल्लागार. चाळीस साल त्यांनी देवळाचे कुलूप काढिले आणि खुर्च्या मांडिल्या आणि दुसऱ्यास 'संदेष्टे' म्हणून पुकारिले. आपणांसही कोणी एकवार तसे पुकारावे, एवढाच त्यांचा मनसुबा. सोमवारी टोमॅटोंस काठ्या लाविताना त्यांस साक्षात्कार जाहला, की गादी तुझी.

रविवारी त्यांनी तो साक्षात्कार खलित्यात लिहून भर मंडळीत वाचिला. त्यावर मेहुणे डेलमार ओगल्सबी, अव्वल सल्लागार आणि वातानुकूलन यंत्रांचे नामांकित दुरुस्तीकार, उठले आणि त्यांनी जाहीर केले की आपणांस हाच हुकूम त्या सोमवाराच्या आदल्या शनिवारीच पावला, टंकलिखित प्रत हाजिर. मग व्हर्लन यांस गतसालच्या नाताळातील साक्षात्कार आठवला. मग डेलमार यांस एक्याण्णव सालचा, मासे धरिताना जाहलेला. मग व्हर्लन चौऱ्याहत्तर सालापर्यंत मागे गेले. तेव्हा आल्विन साहेब स्वतःच गादीवर बसले नव्हते, ही किरकोळ बाब कोणी काढिली नाही.

अखेर व्हर्लन यांनी थोरली तोफ डागिली. जन्मापूर्वीही आत्मे देवापाशी वस्तीस असतात, हा पंथाचा सिद्धांत.

"मला जन्माच्या आधीच सांगितलंय," ते गरजले. "समोरासमोर!"

"तिथं मी तुझ्या शेजारीच बसलो होतो, व्हर्लन," डेलमार म्हणाले. "मला नाही काही ऐकू आलं."

"तू तिथंही घोरत असशील!"

मंडळीत हशा पिकला. डेलमार यांचा चेहरा लाल जाहला आणि त्यांनी फर्मान काढिले की, ज्यास खरा संदेष्टा ओळखू येतो त्याने आपल्या घरी चलावे, बारा वाजता हॅम भट्टीतून निघणार आहे. या युक्तिवादाचा अंमल तात्काळ जाहला. चौदा असामी सत्याच्या शोधार्थ डेलमार यांचेमागे निघाल्या. दोघी तर धावल्या.

देवळात राहिले दोघे. एक व्हर्लन, आणि एक त्यांची बायको लव्हॉन, पेटी वाजविणारी, चव्वेचाळीस सालांची संसारातील सोबतीण. व्हर्लन यांनी कोट सावरिला आणि शिरस्त्याप्रमाणे पुसले की, व्हर्लन टिबिट्स यांस मान्यता देणाऱ्यांनी हात वर करावा. त्यांनी स्वतःचा केला. लव्हॉनचे हात मांडीवरच.

"विरोधात कोण?" व्हर्लन यांचा आवाज बारीक जाहला.

"मी कशाला विरोध करू?" लव्हॉन म्हणाली. "तुला घरी न्यायला थांबलेय. तुझे डोळे कुठं धड आहेत आता?"

विरोधी हात शून्य, सबब निवड एकमुखाने. व्हर्लन यांनी दफ्तरात तैसे नोंदिले, रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचिल्या आणि कुलूप घातले.

गाडीत ते लव्हॉनच्या शेजारी बसले.

"लव्हॉन, एकदा म्हण ना."

"काय म्हणू?"

"तुला ठाऊक आहे."

लव्हॉनने किल्ली फिरविली, आरसा नीट केला, आणि चव्वेचाळीस सालांत प्रथमच नवऱ्यास अहोजाहो केले.

"संदेष्टे, पट्टा लावा."

संदेष्ट्यांनी पट्टा लाविला. येणेप्रमाणे रविवारी दोन प्रहरी, देवळाबाहेरील वाहनतळावर, समस्त प्रजेच्या साक्षीने व्हर्लन टिबिट्स गादीनशीन जाहले. मोठी फत्ते जाहली.