वळणावर किती जण होतो?

जब्बारभाई दुरुस्त केलेली गाडी सरळ रस्त्यावर कधीच तपासत नाहीत. कळंबमध्ये त्यांचं गॅरेज आहे. जड मोटारसायकल बिघडली की तालुक्यातला माणूस त्यांच्याकडेच जातो. काम झालं की ते मालकाला मागच्या सीटवर बसवतात, गावाबाहेर सागाच्या जंगलातल्या एका वळणावर नेतात आणि वळणाच्या जरा अलीकडे फर्मावतात, "आता डोळे झाकजा. मी सांगतो तवाच उघडजा."

वळण संपलं की गाडी थांबवून एकच प्रश्न.

"किती जण होतो आपण?"

"दोन" म्हणालात की ते मान हलवतात आणि गाडी माघारी वळवतात. काहून विचारता, असं कोणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर येतं. "सीध्या रस्त्यानं त म्हैस बी चालते. गाडी वळणावर समजते." हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, पण गाडी इतकी सुरेख झालेली असते की माणूस पुढे बोलत नाही.

गावानं याची थट्टा करून पाहिली. एक हवालदार म्हणाला, "दोनच होतो. तीन असतो त मीच माझं चलान फाडलं असतं." यावर जब्बारभाई हसले. पण कापसाच्या जिनिंगचे मालक असलेले एक शेठ, अंगानं चांगले आडवे, ते म्हणाले, "माझं एकट्याचंच वजन दोघांचं. म्हणजे झालो तीन!" त्या शेठशी जब्बारभाई पुढे आठ दिवस बोलले नाहीत. शेठला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय चुकलो.

मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. अंगानं किरकोळ, स्वभावानं भित्रा. असं असून साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल घेण्याची बुद्धी मला कशी झाली, हे माझी बायको अजून विचारते. सरळ रस्त्यावर गाडी गरीब गाईसारखी. वळण आलं की मात्र रस्त्याच्या बाहेरच्या कडेला ओढायची. जब्बारभाईंनी हँडलच्या मुळातले बेअरिंगचे छर्रे बदलले, दोन्ही चाकं तपासली, मग मला गाडीवर बसवून गॅरेजसमोर दोन गोल फेऱ्या मारायला लावल्या.

"खराबी गाडीत नाही सर, तुमच्यात हाय," ते म्हणाले. "गाडी आत झुकली का तुमी भेऊन बाहेर झुकता. दोनशे किलोची चीज हाय ते. तिले एकीकडे नेता अन् सोता दुसरीकडे जाता. मंग तिनं कोणाचं ऐकावं?"

एप्रिलची दुपार होती. आम्ही जंगलात शिरलो तेव्हा सागाची झाडं पार उघडी पडली होती आणि ताटाएवढाली वाळकी पानं रस्त्यावर पसरली होती. वारा नाही, पाखरू नाही. इतकं ऊन असून मला उगाच शहारल्यासारखं झालं. वळणाआधी जब्बारभाईंनी गाडी थांबवली आणि पायानं रस्त्यावरची पानं बाजूला केली. अगदी अंगण झाडावं तशी. परत येऊन गाडीवर बसले.

"झाका डोळे."

मी झाकले. त्यांनी वेग कमी केला, गिअर उतरवला आणि गाडी डावीकडे झुकवली. झुकवली ती झुकवतच नेली. खाली पायदान रस्त्याला घासून खर्र वाजलं. सवयीनं माझं अंग उजवीकडे निघालं.

तेवढ्यात मागचे शॉकअप खाली बसले. माझ्या मागे चार बोटं सीट आणि लोखंडी कॅरिअर, एवढंच होतं. तरी कोणाची तरी छाती माझ्या पाठीला टेकली. उजव्या खांद्यावर एक हात आला आणि त्यानं मला डावीकडे, आत, दाबून धरलं. जोरात, पण रागानं नाही. गाडी अलगद वळली. मग खांदा मोकळा झाला.

"उघडा डोळे. किती जण होतो आपण?"

मी मागे वळून पाहिलं. कॅरिअर रिकामं होतं.

"तीन," मी म्हणालो.

"मस्करी करून राह्यले का सर?"

"नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. उतरून वळणालगतच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले. तापलेला सायलेन्सर टिकटिक करत होता, बाकी सगळं चिडीचूप.

"सत्तार," ते म्हणाले. "माया मोठा भाई. अब्बा गेल्यावर त्यानंच आमाले पोसलं. मी अठरा वर्षांचा होतो. एक जड गाडी पाह्यले या वळणावर आलतो, तो समोर, मी मांगं. तो आत झुकला अन् मले भेव वाटलं. मी झुकलो बाहेर. गाडी सीधी गेली पुलाखाली. तो तिथंच गेला, मले खरचटलं बी नाही. लोक म्हणे पानावरून घसरली. मी बी तेच सांगतलं. आजवर तेच सांगतो."

मी जे झालं ते सांगितलं. "मीही बाहेरच झुकणार होतो, जब्बारभाई. मागून कोणीतरी मला आत ढकललं. धरून ठेवलं."

ते माझ्याकडे एकटक पाहत राहिले. आता हा माणूस रडेल, नाहीतर माझ्या अंगावर ओरडेल, असं वाटलं. पण त्यांनी हळूच, जरा संकोचून विचारलं,

"वजनाले कसा वाटला?"

"म्हणजे?"

"जातानी लय बारीक होता न. आधी आमा सगळ्याइले जेवू घाले, मंग उरलं त खाये. बरगड्या मोजता येत त्याच्या."

पाठीला टेकलेली ती रुंद छाती मला आठवली.

"चांगला भरलेला होता," मी म्हणालो. "गाडी पार खाली दबली."

जब्बारभाईंनी तीन-चारदा मान हलवली. खिशातलं फडकं काढून ते गाडीची टाकी पुसायला लागले. ती आधीच स्वच्छ होती.

"मंग ठीक हाय," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "खाऊन राह्यला म्हणजे."