हरणीचं डोहाळजेवण

पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीत चंद्रभागेची हरणी गाय गाभण होती. मागल्या वेताला व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम घटून ती जी खाली बसली, ती उठेपर्यंत चंद्रभागेच्या घशाखाली घास उतरला नव्हता. "पुढच्या वेळी विण्याआधी खनिज मिश्रण चारा," असं गुरांच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. सरकारने ते यंदा फुकट पाठवलंही. गोणी ग्रामपंचायतीत कुलपाआड सुखरूप होती.

कारण वाटप सभापतींच्याच हस्ते व्हायचं होतं. सभापती आधी कशेडी घाटात दरड कोसळल्यामुळे अडकले, मग आचारसंहितेत. तोवर ग्रामसेवकाला कल्पना सुचली, की वाटपाऐवजी गाईचं डोहाळजेवणच करावं. हिरवी झूल, शिंगांना फुलांची वाडी आणि ओटीत गोणी! वाडीतल्या बायकांनी हौसेने गाणी बसवली.

हरणीला मात्र तारीख कळवायची राहून गेली. कार्यक्रमाच्या सकाळीच ती व्याली.

"व्याली?" ग्रामसेवक उखडला. "सभापती यायच्या आधी?"

"ती काय कुनाला इचारून थांबनार हाय, सायेब? आता तरी ती गोनी द्या."

"आता कशी देणार? योजना विण्यापूर्वीची आहे. आज दिवसभर ती गाभणच राहील."

त्यानुसार झुलीखाली पेंढा भरून हरणीचं पोट पूर्ववत करण्यात आलं आणि वासराला बॅनरमागे बांधण्यात आलं. सभापती आले. ओटी भरून ते विण्यापूर्वीच्या काळजीवर बोलायला उभे राहिले. ते रंगात आले तशी हरणी लटपटली आणि मान टाकून खाली बसली.

"सायेब, बसली वो माझी गाय!" चंद्रभागेला रडू फुटलं.

"बसू दे गं," ग्रामसेवक पुटपुटला. "डोहाळजेवणाला बसवतातच."

डॉक्टर व्यासपीठावर चुळबुळत होते, पण आभारप्रदर्शन व्हायचं होतं. ते संपताच बिचारे गळ्यातल्या हारासकट धावले आणि त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवली. बऱ्याच वेळाने हरणी उठली. चंद्रभागा तिच्या गळ्यात पडून रडत असताना ग्रामसेवकाने ओटीतली गोणी उचलली.

"पुढच्या वेताला घेऊन जा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वर ठळक मथळा होता, 'गाभण गाईचे अनोखे डोहाळजेवण'. बॅनरखालून वासराने अख्खं तोंड बाहेर काढलेलं होतं. महाड-पोलादपुरात या उपक्रमाचं फार कौतुक झालं. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल, "वा, छान!" म्हणून पान उलटलं असेल.